वाचकांचे प्रश्न : सासूबाईंचं वजन उतरतंय

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दिवाळीत त्यांचं वजन ५८ किलो होतं, सहा महिन्यांत ५२ वर आलं. बांगड्या मनगटातून गळून पडतात. अर्धी पोळी टाकून उठतात. बीपीची गोळी सोडली तर औषध नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "वय झालं की माणूस वाळतोच" म्हणतात. सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करून घ्यावं का? तोवर प्रोटीन पावडर सुरू करू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पॅकेज नको, पावडरही इतक्यात नको. याच आठवड्यात त्यांना तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

ठरवून कमी केलेलं नसताना सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन उतरलं, तर कारण शोधायलाच हवं. ५८ किलोचे ५ टक्के म्हणजे जेमतेम ३ किलो. सासूबाईंचं ६ किलो गेलंय. वयानुसार वजन घटतं, पण ते वर्षाला काहीशे ग्रॅमच्या हिशेबात.

आकडा मात्र पक्का करा. काटा सतरंजीवर नको, फरशीवर ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. पायावर सूज असेल तर तेही लिहा, कारण अंगात साठलेलं पाणी खरी घट लपवतं.

आता ती अर्धी पोळी. ती का राहते, हे दोन-तीन दिवस शेजारी बसून पाहा; डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत याच माहितीची होते. भूकच नाही, की भूक आहे पण चावता किंवा गिळता येत नाही? की पोटभर जेवूनही वजन उतरतंय? तिन्हींच्या वाटा वेगळ्या. पोटभर जेवूनही घट होत असेल तर संशय साखर, थायरॉइड किंवा अन्न अंगी न लागण्यावर जातो. उतारवयात वाढलेल्या थायरॉइडमध्ये हात थरथरणं, घाम असं काही दिसेलच असं नाही. माणूस नुसता मलूल होतो आणि नाडी अनियमित लागते. भूक मेली असेल तर क्षय, कर्करोग, मूत्रपिंड, यकृत, एखादं औषध किंवा नैराश्य. नैराश्य रडण्यातूनच दिसतं असं नाही. पहाटे तीनला झोप मोडणं, भजनी मंडळाला जाणं बंद होणं, आवडीच्या भाजीचंही काही न वाटणं, हेही सांगा. जेवलो की नाही हेच आठवत नसेल तर तेही. आणि कवळी असेल तर ती तपासा : वजन उतरलं की कवळी सैल होते, हिरडीला टोचते, खाणं कमी होतं आणि वजन आणखी उतरतं.

पॅकेजला नको म्हणण्याचं कारण असं, की डॉक्टरांच्या हातांचं काम त्यात नसतं. तोंड, मानेतल्या-काखेतल्या गाठी, स्तन आणि पोट तपासणं आधी. मग साधारणपणे हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगातल्या दाहाचा अंदाज), साखर व एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. हिमोग्लोबिन कमी आणि लोहही कमी निघालं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. पोटातून रक्त जातंय का हे पाहावं लागतं आणि त्यासाठी बहुधा दुर्बिणीची तपासणी लागते. ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कर्करोगाचा माग काढणाऱ्या रक्ताच्या, चाचण्या आपल्या मनानं करू नका, त्या घाबरवतात जास्त आणि सांगतात कमी. एवढं करूनही साधारण चारांतल्या एका रुग्णात कारण सापडत नाही. म्हणून फाइल बंद करायची नाही. दर महिन्याला वजन आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

खर्चाची अडचण असेल तर ससून किंवा महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड मिळतं, आधारवरच्या वयावर. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या तपासण्यांसाठी नाही.

त्या तयार होत नसतील तर "बीपीच्या गोळीचा डोस बघून घेऊ" म्हणा. हा बहाणा नाही. वजन उतरल्यावर तोच डोस जड होतो, उठताना चक्कर येते आणि पडून खुब्याचं हाड मोडतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे पिशवीत घालून न्या.

तोवर जेवण लहान आणि पाच-सहा वेळा. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास चहा नको, त्यानं भूक मरते. ५२ किलोला दिवसाला ५२ ते ६२ ग्रॅम प्रथिनं हवीत : एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७-८ ग्रॅम मिळतात. मात्र क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पावडरीला थांबा म्हणतोय तेही त्यासाठीच. वरणभातावर तूप सोडा. उपास सध्या थांबवा. साबुदाण्यात प्रथिनं नाहीतच म्हणावीत.

घास अडकणं, डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, कावीळ, अचानक बरळणं किंवा पाणीही न घेणं, यांतलं काही दिसलं तर भेटीची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून ८ किलो उतरले. सगळे कौतुक करतात. हे चांगलंच ना?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : त्यांनी चालणं वाढवलं, खाणं मोजलं आणि त्या मानानं वजन उतरलं असेल तर ठीक. काही औषधांनीही वजन उतरतं : मेटफॉर्मिननं भूक कमी होते, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते. गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून विचारा. ग्लिमेपिराइड चालू असेल आणि खाणं घटलं असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम सुटून थरथर झाली तर लगेच साखर मोजा आणि ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या.

पण साठीनंतर नव्यानं मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास वजन विनाकारण उतरतंय, असं असेल तर कर्करोगाची शंका फेडण्यासाठी स्वादुपिंड पाहून घेणं गरजेचं आहे. पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीत ते पुष्कळदा पूर्ण दिसत नाही. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल" या रिपोर्टवर न थांबता सीटी स्कॅन लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.