सीव्हच्या नियमात जाहिरातींना डिस्कार्ड लावू का?

डव्हकॉट या मेल सर्व्हरवर सीव्हचे, म्हणजे आलेली मेल आपोआप वेगळी करणाऱ्या स्क्रिप्टचे, नियम लावलेत, एकच मेल दोन फोल्डरांत पडतेय, आणि जाहिरातींना सरळ डिस्कार्ड (मेल कुठेही न ठेवता टाकून देणं) लावू का, असं तुम्ही विचारलंय. डिस्कार्ड लावू नका.

इथं कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सर्व्हरवर मी नको म्हणत असताना असाच नियम बसला: विषयात ‘ऑफर’ असेल तर डिस्कार्ड. तुलना :कंटेन्सने, म्हणजे शब्द विषयात कुठेही असला की नियम लागू. आता फौंड्रीची स्वतःची कोटेशनंच ‘ऑफर फॉर कास्टिंग्ज’ या विषयाने जायची. पुण्याच्या गिऱ्हाइकाने त्याच मेलला रिप्लाय करून होकार कळवला. विषय तोच, पुढे फक्त ‘आरई’. नियमाने ती मेल उडवली. डिस्कार्ड झाल्यावर पाठवणाऱ्याला बाउन्स, म्हणजे मेल पोचली नाही असा निरोप, जात नाही, म्हणून तिकडे पोचली असं समजून बसले आणि इकडे सगळे वाट बघत राहिले. लॉगमध्ये मेसेज आयडी आणि डिस्कार्डची एक ओळ मिळाली. मजकूर कुठेच नव्हता.

नियम बसवणाऱ्याचा मुद्दा एकच, कचऱ्याने डिस्क कशाला भरायची? अहो, भरत नाही. फाइलइन्टू या आज्ञेने ‘संशयित’ फोल्डरमध्ये टाका आणि डव्हकॉटच्या सेटिंगमध्ये त्या मेलबॉक्सला ऑटोएक्स्पंज (जुनी मेल आपोआप पुसणं) ३० दिवस द्या. फोल्डर नसेल तर :क्रिएट जोडा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला, लागणाऱ्या सोयी जाहीर करायच्या रिक्वायर ओळीत, ‘फाइलइन्टू’ आणि ‘मेलबॉक्स’ दोन्ही हवेत. एक राहिलं तर स्क्रिप्ट कंपाइल होत नाही आणि सगळी मेल मुकाट्याने इनबॉक्समध्ये पडत राहते.

नुसत्या विषयावर निवाडा तर करूच नका. ऑलऑफमध्ये, म्हणजे सगळ्या जुळल्या तरच नियम लागू अशा, दोन अटी घाला: लिस्ट-अनसबस्क्राइब (यादीतून नाव काढायची सोय सांगणारं) हेडर आहे, आणि इन-रिप्लाय-टू (कुठल्या मेलला उत्तर ते सांगणारं) नाही. गिऱ्हाइकाच्या उत्तरावर हे दुसरं हेडर असतं, त्यामुळे वरची मेल वाचली असती.

दोन फोल्डरांचं म्हणाल तर तुमचे इफ सुटे असणार. एक जुळला म्हणून सीव्ह थांबत नाही. एल्सइफ वापरा, नाहीतर फाइलइन्टूच्या पुढच्या ओळीत स्टॉप लिहा. दोनपैकी एक फोल्डर इनबॉक्स असेल, तर फाइलइन्टूला :कॉपी (इनबॉक्समधली प्रतही ठेवा) कुठे लावलेली राहिलीय ते बघा.

बदल चालू करण्याआधी सीव्ह-टेस्ट या तपासणीच्या प्रोग्रॅमला स्क्रिप्ट आणि जतन केलेली एक खरी मेल द्या. मेल न हलवता काय घडेल ते तो दाखवतो. सगळ्यांसाठीची स्क्रिप्ट सीव्ह_बिफोरमध्ये (प्रत्येकाच्या स्क्रिप्टआधी चालवायच्या सेटिंगमध्ये) असेल, तर तिने मेल फोल्डरात टाकल्यावर त्या मेलसाठी माणसाची स्वतःची स्क्रिप्ट चालतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

हां, सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रोजच्या मेलला डिस्कार्ड चालेल. पण पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता :इझने, म्हणजे तंतोतंत, जुळवून. तिथेही :कंटेन्स नको.