वाळूच्या हौदात मांजर घाण करून गेलं. वरची वाळू काढून टाकली तर मुलांना खेळू द्यावं का?

नाही, तेवढ्यावर भागवू नका. मांजर विष्ठा उकरून पुरतं, म्हणजे दिसते त्याहून जास्त घाण खाली असू शकते. भीती वासाची नाही, परजीवींची आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी विष्ठेतून पडल्यावर १ ते ५ दिवसांत संसर्ग करण्याजोगा होतो. टॉक्सोकारा जंताच्या अंड्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात, पण मग ती ओलसर वाळूत वर्षानुवर्षं तग धरतात. पोटात गेली की अळ्या शरीरभर फिरतात आणि डोळ्यापर्यंत पोचल्या तर नजर कायमची अधू होऊ शकते. नेहमीची जंतुनाशकं या अंड्यांना मारत नाहीत, त्यामुळे फवारणी करून निश्चिंत होऊ नका.

माझ्या मते सगळी वाळू बदला. हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम मुळीच करू देऊ नका. बादल्या, फावडी गरम पाण्यात साबणाने घासा.

नवी वाळू धुतलेली, मुलांच्या खेळासाठीचीच घ्या. दगडाच्या खाणीतली बारीक भुकटी नको, तिच्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते.

झाकण मात्र हवंच, घट्ट बसणारं. खेळ संपला की लगेच झाका, एक रात्रही उघडं राहू देऊ नका. आणि खाण्याआधी हात साबणाने, नखांसकट. लहान मुलं बोटं तोंडात घालणारच.