मेडिकल लॅबच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी काय शिकवावं?

मशीन नंतर, आधी सॅम्पल ओळखायला शिकवा. बहुतेक चुका तपासणीच्या आधीच होतात: नळीवर चुकीचं नाव, घाईत ओढलेलं रक्त. अशा घाईत तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तरी तेच, शिवाय कॅल्शियम घटतं. कारण त्या नळीत ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) पोटॅशियम क्षार असतो आणि ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. हे कारण कळलेला विद्यार्थी आकडा डोळे झाकून पाठवत नाही. म्हणून अशी बिघडलेली सॅम्पल्स मुद्दाम हातात द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. कंट्रोलचा, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचा, लेव्ही-जेनिंग्ज आलेख (त्याचे रोजचे निकाल मांडून मशीन बरोबर चालतंय का ते दाखवणारा) काही दिवस तरी हाताने काढून घ्या. आणि हो, जिवावर बेतणारा आकडा दिसला की डॉक्टरांना लगेच फोन करायचा, याचाही सराव हवा.