वहीत न लिहिलेली भाकरी

प्रश्न : आजीच्या हातची पाककृतींची जुनी वही मला मिळाली आहे. आहाराच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करण्याची इच्छा आहे. या वहीपासून सुरुवात करता येईल का?

उत्तर : अवश्य करता येईल, मात्र पदार्थांच्या नावांआधी मापे पाहावीत. ‘पावशेर’, ‘अच्छेर’ (अर्धा शेर) अशी मापे असलेली पाने बहुधा १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली ग्रॅम-किलोची वजने घरात रुळण्यापूर्वीची असतील. ‘डालडा’चा उल्लेख असलेले पान १९३७ च्या आधीचे असणार नाही. जुन्या मापांची सवय लवकर सुटत नाही, म्हणून शाई आणि हस्ताक्षर यांच्याशीही पडताळा घ्यावा.

मग एकच पदार्थ निवडून त्याचा माग काढावा. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. शेंगदाणे, मिरची, बटाटा आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कसावा, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज येण्यापूर्वी यांतले काहीही आपल्याकडे नव्हते. ‘साबु’ हा शब्द मात्र मलय भाषेतल्या ‘सागू’पर्यंत जातो, कारण पूर्वी साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागूच्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या साबुदाण्याचा धंदा वाढीला लागला. सातासमुद्रापलीकडचे हे जिन्नस उपवासाला चालतात आणि आपल्या शेतातली ज्वारी चालत नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवले, हा प्रश्न मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.

एक सावधगिरी बाळगावी. वहीत अनारसे सापडतील, कारण प्रमाण चुकले की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरून फुटतो. रोजची भाकरी लिहून ठेवण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ आणि रेशनवरचा तांबडा मिलो ही परदेशी ज्वारी हेही अशा वह्यांत सहसा नसतात. तो इतिहास त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या बायकांना ठाऊक आहे, आणि त्या आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. म्हणून वही बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जावे. त्या काळी भाकरीबरोबर कोरड्यास, म्हणजे तोंडी लावणे, कशाचे असे आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवायला बसे, हे विचारून त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे.