वाचकांचे प्रश्न : परक्या देशात, खेड्यातल्या घरी

प्रश्न : स्वयंसेवक म्हणून मी लवकरच परदेशातील एका खेड्यात जाणार असून एका शेतकरी कुटुंबात माझी राहण्याची सोय झाली आहे. घरात नळ नाही. तेथे पाहुण्यासारखे राहावे की घरच्यासारखे, आणि प्रकृती कशी सांभाळावी?

उत्तर : प्रकृतीचे सोपे आहे, म्हणून ते आधी. पिण्याचे पाणी गढूळ असल्यास निवळू द्यावे, कापडातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्यावे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा उंच गाव असेल तर तीन मिनिटे, कारण तेथे पाणी कमी तापमानालाच उकळते. घरच्यांना तेच पाणी न उकळता चालते, म्हणून आपल्यालाही चालेल असे मानू नये. मात्र पुढे केलेला पेला नाकारणे यजमानांना लागू शकते. त्यामुळे ‘संस्थेचा तसा नियम आहे’ हे समन्वयकाकडूनच पहिल्या दिवशी सांगवून घ्यावे. पाणी उकळायला लागणारे सरपण कोणीतरी डोक्यावरून आणलेले असते, याचा स्वयंसेवकांना हमखास विसर पडतो. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे घेत राहावे. हिवतापाच्या प्रदेशात जाणार असाल, तर प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात. कोणत्या, किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारावे.

राहण्याविषयी विचाराल, तर पाहुणेपण आपोआप सरत नाही, ते आपणच संपवावे लागते. अमेरिकेच्या १९६१ साली स्थापन झालेल्या पीस कोअरमध्ये स्वयंसेवकाचा एकूण कालावधी २७ महिन्यांचा असतो आणि त्यातले सुरुवातीचे सुमारे तीन महिने प्रशिक्षणासाठी राखलेले असतात. या काळात स्वयंसेवक बहुधा यजमान कुटुंबातच राहून भाषा शिकतो. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात आपण घरात रुळलो नाही, म्हणून खट्टू होऊ नये. ‘काही मदत करू का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘नको’ असेच येते. त्याऐवजी पाणी भरणे, अंगण झाडणे असे एखादे ठरावीक काम मागून घ्यावे आणि ते कंटाळा न करता रोज करावे. जनावरांचे दूध काढण्यासारख्या कौशल्याच्या कामाला मात्र, कोणी बोलावल्याशिवाय हात घालू नये. एकांत हवा असेल तर दार लावून बसण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर, सर्वांच्या नजरेसमोर वाचत बसावे. बंद दाराचा अर्थ आजारपण किंवा रुसवा असा लावला जाण्याचा संभव असतो. झोपण्याच्या खोलीला आतून कडी आहे की नाही, ही चौकशी मात्र संकोच न बाळगता जाण्यापूर्वीच करावी.

प्रश्न : ज्या घरी मी राहते, तेथील थोरला मुलगा माझ्याकडे उसने पैसे मागत आहे. नाही म्हटले तर संबंध बिघडतील का?

उत्तर : थोडे अवघडलेपण येईल, पण रक्कम दिल्यावर येणारे अवघडलेपण त्याहून अधिक टिकते. आपल्या निवासापोटी संस्था कुटुंबाला काही देते का, आणि ते घरातील नेमके कोणाच्या हाती पडते, हे समन्वयकाकडून समजून घ्या. पुष्कळदा मागणीचे मूळ तेथेच सापडते. तरीही द्यावेसे वाटलेच, तर परत मिळणार नाहीत असे धरूनच द्या आणि घरातील कर्त्या माणसापासून ते लपवू नका. माझे मत विचाराल तर देऊ नयेत.

प्रश्न : संस्थेच्या मध्यस्थीविना, शेतावर काम करून त्याच्या बदल्यात राहता येते का? त्यासाठी पर्यटक व्हिसा पुरतो का?

उत्तर : राहता येते. इंग्लंडमध्ये १९७१ साली सुरू झालेली वूफ ही चळवळ याच तत्त्वावर चालते : सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास काम आणि मोबदल्यात जेवण व निवास, पैशांचा व्यवहार नाही. परंतु अनेक देशांत अशा विनावेतन कामालाही नोकरीच मानले जाते आणि पर्यटक व्हिसावर ते केल्यास परत पाठवले जाऊ शकते. म्हणून यजमानांच्या शब्दावर विसंबू नका. त्या देशाच्या वकिलातीकडे कामाचे स्वरूप स्पष्ट लिहून विचारणा करा आणि उत्तर लेखी घ्या.