पॅस्टन घराण्याचा सातबारा कुठे मिळेल?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या नॉरफोक जिल्ह्यातल्या पॅस्टन घराण्याबद्दल वाचताना ग्रेशम, केस्टर, हेल्सडन ही गावांची नावं सारखी येतात; तर पंधराव्या शतकात ही जमीन कोणाच्या नावावर होती, हे एका जागी दाखवणारा सरकारी उतारा कुठे मिळेल? आणि जुन्या कागदांवरच्या 'फाइन', 'कॉपीहोल्ड' या शब्दांचा अर्थ काय?

असा उतारा नाही, कारण तो कधी तयारच झाला नव्हता. आपल्याला जमीन म्हटलं की तलाठ्याचं दप्तर आठवतं. इंग्लंडमध्ये सरकारी जमीन नोंदणी कार्यालय निघालं १८६२ साली, आणि विकलेल्या जमिनीची नोंद देशभर सक्तीची व्हायला १९९० उजाडलं. यॉर्कशर आणि मिडलसेक्समध्ये खरेदीखतं नोंदवण्याची सोय अठराव्या शतकात झाली, नॉरफोकमध्ये तीही नाही. म्हणजे मालकी सिद्ध करायची ती घरातल्या पेटीतल्या कागदांवर. त्या कागदांना ते लोक 'एव्हिडन्स', म्हणजे पुरावाच म्हणत. मी इतकी वर्षं हे कागद वाचतोय, आणि माझं ठाम मत आहे की हे लक्षात घेतल्याशिवाय या घराण्याची गोष्ट समजत नाही.

मूळ पुरुष क्लेमंट पॅस्टन. स्वतः नांगर धरणारा. पॅस्टनांच्या विरोधकांनी लिहिलेल्या एका टिपणात म्हटलंय की त्याच्याकडे फार तर शंभर-सव्वाशे एकर जमीन होती आणि तो धान्याचं पोतं टाकून घोड्याच्या उघड्या पाठीवर बसून गिरणीला जाई. टिपण हिणवण्यासाठी लिहिलंय, तेव्हा जपून वाचा. पण याच क्लेमंटनं कर्ज काढून मुलाला शिकवलं. तो मुलगा विल्यम १४२९ साली न्यायाधीश झाला, आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १४२७ मध्ये, त्यानं ग्रेशमची जमीनदारी विकत घेतली. विकणारा होता कवी चॉसरचा मुलगा थॉमस. विल्यम गेल्यावर त्याची बायको अ‍ॅग्नेस हिनं लंडनला कायदा शिकणाऱ्या मुलाला, एडमंडला लिहिलंय: बाबांचा सल्ला विसरू नकोस, पॅस्टन गावी जो राहील त्याला स्वतःचा बचाव करता आला पाहिजे.

बचावाची वेळ लवकरच आली. फेब्रुवारी १४४८ मध्ये लॉर्ड मोलिन्सनं बायकोच्या माहेरचा जुना हक्क सांगून ग्रेशमचा कब्जा घेतला. विल्यमचा थोरला मुलगा जॉन बहुतेक वेळ लंडनला कोर्टाच्या खेपा घालत होता. गावाकडचं सगळं त्याच्या बायकोवर, मार्गारेटवर. त्या वर्षीचं तिचं नवऱ्याला पाठवलेलं पत्र मी कितीदा वाचलं असेन! समोरच्यांनी दारांना अडसर लावलेत, घराला चारी बाजूंनी मारा करायला भोकं पाडलीत, आणि बंदुकीसाठीची भोकं तर जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत, हे ती नीट पाहून कळवते. आपली घरं इतकी ठेंगणी आहेत की लांब धनुष्य चालवता येणार नाही, म्हणून क्रॉसबो आणि बाण पाठवा म्हणते. आणि त्याच पत्रात एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि कपड्यासाठी कापड मागवते. २८ जानेवारी १४५० ला मोलिन्सची माणसं मार्गारेट राहत होती त्या घरावर चालून आली. जॉनच्या अर्जात आकडा हजाराचा आहे. अर्जातला आकडा म्हणून तो सावधपणेच घ्यावा. ती ज्या खोलीत होती तिची भिंत त्यांनी खालून पोखरून पाडली आणि तिला उचलून फाटकाबाहेर काढलं.

कागद हाती असताना एवढी मारामारी कशाला, असं वाटेल. पण त्या कायद्यात प्रत्यक्ष कब्जाला फार वजन होतं. जमीन देताना साक्षीदारांसमोर शेतातलं ढेकूळ किंवा डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवत, तेव्हा ती दिली गेली. खत हा त्या प्रसंगाचा पुरावा. म्हणून कागद आणि वहिवाट दोन्ही सांभाळावं लागे. जॉन १४६६ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्गारेटनं थोरल्या मुलाला बजावलं, त्याचा सारांश असा: महत्त्वाचे कागद जपून ठेव, शत्रूच्या हाती पडू देऊ नकोस, तुझ्या वडिलांनी अडचणीच्या काळात घरातल्या चीजवस्तूंपेक्षा कागदांना जास्त जपलं, ते गेले तर तसे पुन्हा मिळणार नाहीत. केस्टरचा वाडा त्यांना सर जॉन फास्टॉल्फ या श्रीमंत सरदाराच्या तोंडी मृत्युपत्रावरून मिळाला होता. फास्टॉल्फ १४५९ ला गेला, मृत्युपत्र खरं की खोटं यावर भांडण लागलं, १४६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकनं वेढा घालून वाडा घेतला आणि तो ड्यूक वारल्यावर १४७६ मध्ये पॅस्टनांकडे परत आला.

आता तुमचे शब्द. 'फाइन' म्हणजे इथे दंड नव्हे. हा लुटुपुटीचा दावा असे. घेणारा देणाऱ्यावर दावा लावी, दोघं कोर्टात तडजोड करत, आणि ती एकाच चामड्यावर तीनदा लिहिली जाई: दोन बाजूला, एक तळाशी. मग नागमोडी रेषेत कापून बाजूचे दोन तुकडे दोन पक्षांना आणि तळाचा कोर्टाला. वाद झाला की कडा जुळवून पाहायच्या. कोर्टाच्या त्या तळाच्या तुकड्याला 'फूट' म्हणतात. ११९५ पासून ते जपले गेले, पद्धत १८३३ ला बंद झाली, आणि ते लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तुमच्या उताऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारी सरकारी नोंद हीच.

'कॉपीहोल्ड' समजायला फेरफार डोळ्यासमोर आणा. जमीनदाराचं स्वतःचं कोर्ट असे. कूळ मेलं की वारस तिथे हजर होई, रक्कम भरे, नोंद कोर्टाच्या गुंडाळीत चढे, आणि नकल वारसाला मिळे. ती नकल म्हणजेच कॉपी. ही पद्धत १ जानेवारी १९२६ पासून संपली.

तारखांना जपा. वर्ष बहुधा राजाच्या कारकिर्दीचं असतं. सहाव्या हेन्रीचं २८वं वर्ष सप्टेंबर १४४९ ते ऑगस्ट १४५०. शिवाय १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं. कोर्टाच्या गुंडाळ्या १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. नंतरच्या काळातल्या मोजणीत एकर, रूड, पर्च असे तीन रकाने दिसतील: ४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर. आपला गुंठा ३३ फूट चौरस, पर्च त्याच्या निम्म्या बाजूचा, साडेसोळा फूट. म्हणजे ४ पर्च बरोब्बर एक गुंठा. हे कळल्यावर ते आकडे मला एकदम घरचे वाटू लागले.

या घराण्याचा शेवटचा अर्ल १७३२ मध्ये कर्जात बुडून वारला. १७३५ मध्ये फ्रान्सिस ब्लोमफील्ड हा इतिहासाचा अभ्यासक पॅस्टनांच्या ऑक्सनेडच्या वाड्यातल्या कागदांच्या खोलीत दोन आठवडे बसला होता. मिळकतीचे कागद त्यानं निवडून वेगळे केले आणि पत्रांचा ढीग, कित्येक पोती भरतील एवढा, कोपऱ्यात लावला. आज त्यातली बहुतेक वाचलेली पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या ढिगात मार्गारेटची पत्रं होती, आणि ती वाचली याचं मला आजही मनापासून बरं वाटतं.

सुरुवात अशी करा: राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जमीनदारीच्या कागदांची एक सूची आहे, तीत घराण्याचं नाही, गावाचं नाव घाला. ग्रेशम, मग पॅस्टन. कुठले कागद कुठल्या दप्तरात आहेत ते तिथे कळेल. नॉरफोकचे पुष्कळसे नॉरिचच्या जिल्हा अभिलेखागारात आहेत. एखादी गुंडाळी हाताशी आली आणि लॅटिन अडलं, तर त्या ओळीचं स्पष्ट छायाचित्र आणि राजाचं वर्ष पाठवा, आपण मिळून वाचू.