फुटबॉल सामन्यापूर्वी पंच खेळाडूंचे नेमके काय तपासतात? अंगठीवर टेप गुंडाळली तरी ती का चालत नाही?

बूट, शिनगार्ड (नडगीवरचे संरक्षक कवच) आणि दागिने हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर झाले. टेपविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण याच टेपवरून एका प्रशिक्षकांनी माझ्याशी घातलेला वाद मला आजही सलतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या स्पर्धेत मी पंच होतो. मैदान मुरमाड होते. अशा मैदानावर बुटाच्या तळाचे अ‍ॅल्युमिनियमचे स्टड, म्हणजे पकडीसाठीचे खुंट, झिजून त्यांच्या कडांना धार येते; म्हणून नाल ठोकताना घोड्याचा पाय धरतात तसा प्रत्येकाचा पाय मागे उचलायला लावून मी स्टडच्या कडेवरून अंगठा फिरवीत होतो. एका बचावपटूच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती आणि तिच्यावर पांढरी टेप गुंडाळलेली होती. ती काढावी लागेल असे मी सांगताच प्रशिक्षक म्हणाले, "टेप लावली आहे ना, कोणाला लागणार आहे? लोक खोळंबलेत, सुरू करा." आयोजकांनीही त्यांचीच री ओढली. मी साबण-पाणी मागवले. बोट सुजलेले असल्याने वेळ लागला, पण अंगठी निघाली आणि तो मुलगा पूर्ण सामना खेळला. तरीही बक्षीस समारंभात पंचांनी नाहक खोळंबा केल्याचे माईकवरून सांगितले गेले, आणि पुढच्या वर्षी मला बोलावणे आले नाही.

फुटबॉलच्या नियमांतील खेळाडूंच्या साहित्याविषयीच्या नियम क्रमांक 4 मध्ये सर्व दागिन्यांना मनाई आहे आणि ते टेपने झाकण्यासही परवानगी नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. धोका केवळ प्रतिस्पर्ध्याला असतो, हा प्रशिक्षकांचा समज मुळातच चुकीचा होता. 2004 मध्ये स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये सर्व्हेट संघाचा पाउलो दियोगो गोलचा आनंद साजरा करताना कुंपणावर चढला. त्याची लग्नाची अंगठी जाळीत अडकली आणि खाली उडी मारताच बोटाचा तुकडा पडला. टेपच्या आतली अंगठीही धातूचीच असते. ती अडकली की शरीराचा सगळा भार त्या एका बोटावर येतो.

पंचांच्या नजरेतूनही दागिना सुटतो, हे मान्य आहे. 2022 च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध फ्रान्सचा ज्यूल कुंदे गळ्यात सोनसाखळी घालून उतरला आणि पहिल्या सत्रात बराच वेळ ती कोणी काढायला लावली नाही. तसेच हा नियम कोणाच्या श्रद्धेविरुद्ध नाही. पगडी आणि हिजाब यांना 2014 मध्येच रीतसर मान्यता मिळाली आहे. गंडा किंवा हातातले कडे मात्र काढावेच लागते, आणि नकार देणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड मिळते.

आपण संघ सांभाळत असाल तर अंगठ्या, बाळ्या आणि दोरे तंबूतच काढून घ्या, राखीव खेळाडूंचेसुद्धा, कारण त्यांचीही मैदानात येण्यापूर्वी तपासणी होते. आणि टेप लावली की झाले असे सांगणारे प्रशिक्षक आपल्याला भेटले, तर नियम 4 उघडून त्यांच्या हातात द्या.